साबण निघंना

बसा. चहा येतोय तवर रामकिसनदादाच्या अंघोळीची गोष्ट सांगतो. हसा खुशाल, पण पुरं ऐकून हसा.

वाळूजच्या रस्त्याला आमची गल्ली. बोअरचं पाणी असं जड, की नळाला पांढरं कवच चढतं, तुरीची डाळ कुकरला दमवती, अन् साबणाला फेस आणता आणता माणसालाच घाम फुटतो. दादाची सून संध्या, कंपनीत कामाला. बिचारीच्या कंगव्यात रोज केसांचं घरटं. शेवटी तिनं हट्टानं पाणी मऊ करायचं मशीन बसवलं. मशीनवाला म्हणला, "हप्ताभर वापरा. नाय पटलं तर काढून नेतो."

"आत्ताच ने," दादा म्हणले. "ह्याच पाण्यावर म्हातारा झालो. काय वाईट झालं माझं?"

हप्ताभर त्या पाण्याला हात लावला नाय गड्यानं. कोपऱ्यावरच्या हापशावर अंघोळ. हप्ता भरला, मशीनवाला यायचा दिवस उजाडला, तशी संध्या म्हणली, "मामा, एक डाव ह्या पाण्यानं अंघोळ करा. मंग तुम्ही म्हणाल तसं. मी ब्र काढायची नाय."

दादा गेले आत. हाताला सवय जुन्या पाण्याची. वडी घासली घसाघसा. मऊ पाण्यात फेस असा उठला, जसा कापूस पिंजला. बादली ओतली, फेस गेला. पण अंग बुळबुळीत! दुसरी ओतली. बुळबुळीतच.

भाईरून दादाची बायको मुक्ताबाई वरडल्या, "अहो, झोपलात का काय?"

"साबण निघंना!"

"मंग वता की पाणी!"

"वततोच हाय! मासा झालाय माझा!"

असं करता करता नळ खोकला अन् गप झाला. टाकी रिकामी. तेवढ्यात मशीनवाला दारात. "जयभीम. काय ठरलं?" संध्याचं तोंड एवढंसं झालं. गलका ऐकून शेजारच्या मनकर्णाबाईबी आल्या.

दादा टावेल गुंडाळून भाईर. "हे बघा! टाकी संपली, साबण हाय तिथंच! उचल तुझं डबडं!"

मुक्ताबाईंनी पदरानं त्यांचा हात खसाखसा पुसला. पदर बघितला. परत हातावरून बोट फिरवलं.

"अहो, साबण कुठंय? कातडी हाय ही. तुमचीच."

"माझी? अशी?"

"लग्नात अशीच होती," म्हणल्या, अन् पोराबाळांत बोलून बसले म्हणून लाजून आत पळाल्या.

"अगं बाई!" मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला.

दादा आपलाच हात असा चोळत राहिले, जसा जत्रंत हरवलेला भाऊ सापडला. क्षार चढून चढून माणूस आपलं अंगबी विसरतो बघा.

"मंग मामा, काढा म्हणू का मशीन?" संध्यानं भीत भीत विचारलं.

"आधी टाकी भरा," दादा म्हणले. "परत एकदा खात्री केली पायजे."

खात्री अजून चालूच हाय. मशीन राहिलं, पण रोज सकाळी दादा आत, कडी लावून. टाकी संपती. अन् जिच्या केसांपायी हे सारं झालं ती संध्या कोपऱ्यावरच्या हापशावर डोकं धुती. आजबी दादा अजून आतच हायेत, अन् तिची कंपनीची बस आता यायला झाली.

तुमचं ऐकतील ते. चहा पिऊन जाताना तेवढं दार वाजवा, अन् म्हणा, "दादा, निघाला साबण. या आता भाईर."