डबल सीटचा टायर

भूपाल आण्णा मगदूम माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या वाहनाच्या टायरकडे बघत. सांगलीत त्यांच्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. सायकल भिंतीला टेकवली, नमस्कार केला, मूळचा सातारचा म्हणालो, हायस्कुलात चित्रकला शिकवतो म्हणालो. आण्णांनी यातलं अक्षरही ऐकलं नाही. ते सायकलपाशी उकिडवे बसले होते आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख माझ्या मागच्या टायरमध्ये रुतवून बघत होते. ते नख त्यांनी खास या कामासाठीच वाढवलेलं होतं.

"मागला ग्येला," उठत उठत ते म्हणाले. "पुढला अजून दोन पावसाळं काढंल. झीज सरळ हाय, म्हंजे मानूस नीट चालवतोय. खोली दिली."

माझं नाव त्यांनी आठवड्यानंतर विचारलं. विचारलं आणि वापरलं मात्र कधीच नाही. मी त्यांचा 'मास्तर' झालो तो कायमचा.

कुणाच्या लग्नाला गेले की आण्णा मांडवाबाहेरच तासभर रमत. जीप, मोटारी, फटफट्या, सगळ्यांना नख लावून होई. एकदा तर त्यांनी नवरदेवाच्या मोटारीशी वाकून भर वऱ्हाडात जाहीर केलं, "मागचा डावा आष्ट्याला पोचत न्हाई. नवरीला ह्यात बसवू नगा." वरपक्षाची तोंडं बघण्यासारखी झाली. वरात निघाली आणि आष्ट्याच्या अलीकडे खरोखरच टायर फुटला. फक्त फुटला तो उजवा. आण्णा आठ दिवस बेचैन होते. "मधी कुनीतरी अदलाबदल केली असनार," असा त्यांनी शेवटी निकाल दिला. "नख खोटं बोलत न्हाई, गड्या."

नदीकाठचा ऊस पुतणे बघत. आण्णांना मूलबाळ नव्हतं. होती ती साडेतीनशे सीसीची काळी फटफटी आणि काकू. या दोघींत पहिली कोण, हे मी काकूंनाच एकदा विचारलं. "मी आधी आली," काकू म्हणाल्या. "पन न्हानीत पानी तापवून आधी तिला घालत्यात."

उसाला तोड लागून रान मोकळं झालं की दोघं फटफटीवर बाहेर पडत. बाहुबलीचा डोंगर तर घरच्यासारखाच, पण म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथही ते बघून आले होते. एकदा पार साताऱ्याच्या पुढच्या खंडाळ्यापर्यंत गेले, एक कप दूध प्याले आणि पुणं जवळ आलं म्हणून माघारी फिरले. घरी जैन रिवाज कडक होता. दिवस मावळायच्या आत जेवण. त्यामुळे सूर्य कलला, की असेल तिथे फटफटी झाडाखाली उभी राहायची आणि काकूंच्या मांडीवरचा डबा उघडायचा. त्यांना रस्ते गावांच्या नावांनी आठवतच नसत. "ती चिंच न्हाई का, जितं वांग्यात मीठ न्हवतं," असा त्यांचा नकाशा होता.

काकू अंगाने चांगल्या भरलेल्या. नऊवारीत, डाव्या अंगाला दोन्ही पाय सोडून बसायच्या. एक हात आण्णांच्या खांद्यावर, एक डब्यावर. सांगलीपासून मुक्कामापर्यंत बोलत असायच्या आणि इंजिनाच्या आवाजात आण्णा "व्हय, व्हय" करत असायचे. "बावीस वर्षं बोलतीया मी मागनं," काकू सांगायच्या, "ह्यांनी एक शब्द ऐकल्याला न्हाई. म्हनून तर निभावलं."

तर अशा या फटफटीचे दोन्ही टायर एके वर्षी बदलायला आले. दुसऱ्याच्या टायरचं भविष्य क्षणात सांगणारे आण्णा स्वतःच्या टायरपाशी मात्र अडून बसले. त्या दिवसांत दुकानात नाव घालून वाट बघावी लागे. आण्णांनी सांगली, कऱ्हाड, सातारा, तिन्हीकडे नाव घातलं आणि मला कामाला लावलं.

"मास्तर, तुमी चित्रकार. नक्षी तुमाला कळायची. समदी काढून द्या कागदावर."

मी सरकारी परीक्षेचा पहिल्या श्रेणीचा माणूस. निसर्गचित्रं काढायची माझी हौस. पण मी बाजारपेठेत रस्त्याकडेला बसून परक्या फटफट्यांच्या टायरची चित्रं काढली. घरी आण्णा ती जमिनीवर मांडून तासन्‌तास बघत. सरळ रेघांचा पुढे चांगला, हँडल ऐकतो. मागे चौकड्या हव्यात, चिखलात धरतात. मऊ रबर रस्ता सोडत नाही पण लवकर संपतं, कडक टिकतं पण ओल्यात घसरतं. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला बघायला आलं तवा पोहं संपायच्या आत व्हय म्हनाले. आन् ह्या रबराला सहा म्हैनं?"

पुढचा टायर एकदाचा ठरला, आला, बसला. मागचा काही ठरेना. आणि मागच्याचीच दशा वाईट होती. त्यातही एक विचित्र प्रकार होता. तो डाव्या अंगाने पार गोटा झालेला आणि उजवीकडे मात्र थोडी नक्षी शिल्लक. मिस्त्री म्हणाला, चाक कललंय, सरळ करून देतो. आण्णा त्याच्या अंगावरच धावले. "चाकाला हात लावायचा न्हाई. चाक बराबर हाय."

दिवाळी झाली आणि काकूंच्या पोटात दुखायला लागलं. घरगुती काढे झाले, मग मिरजेचा दवाखाना. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढली आणि तिचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. तो कागद येईपर्यंत डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. काकू अशक्त झाल्या होत्या, ताप हटत नव्हता, म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं.

आण्णा रोज दोनदा डबा घेऊन मिरजेला जात. संध्याकाळचा डबा दिवस असतानाच पोचला पाहिजे म्हणून घाईने जात. मागच्या टायरचे आता दोरे दिसायला लागले होते. मी रोज भांडायचो.

"आण्णा, सांगलीच्या दुकानात दोन टायर आलेत. कुठलाही एक घ्या ना!"

"आजून ठरंना, मास्तर."

मला त्यांचा राग यायचा, खरं सांगतो. बायको तिकडे खाटेवर आणि यांची नक्षीची निवड चाललेली. काकूंना बरं वाटेल तेव्हा वाटेल, पण त्याआधी हे कुठल्यातरी ट्रकखाली जातील, या भीतीने माझं वर्गात लक्ष लागत नसे.

अशात साताऱ्याहून पोवई नाक्यावरच्या बाबूशेठ टायरवाल्यांचं कार्ड आलं, माल आलाय, येऊन बघून जा. दुसऱ्या दिवशी रविवार. त्या दिवशीचा डबा पुतणसुनेवर सोपवला. म्हाताऱ्याला एकट्याला सोडायचं नाही, म्हणून मी निघालो. पाय टाकून मागे बसलो, तर आण्णा जागचे हलेनात.

"असं घोड्यावर बसल्यागत बसू नगा."

"मग कसं बसू?"

"एका अंगाला बसा. डाव्या. चाकाला सवय हाय तिची."

मी हसलो. ते हसले नाहीत. इंजीनही चालू करेनात. शेवटी हायस्कुलातला कलाशिक्षक, पँट-बुशशर्ट घातलेला, मिशा राखलेला, दोन्ही पाय डावीकडे सोडून सांगलीच्या मुख्य रस्त्याने निघाला. डबाही मांडीवर होता. चौकात नववीतली चार पोरं उभी होती. त्यांनी मला अत्यंत आदराने नमस्कार केला. पुढचा महिनाभर माझ्या वर्गात फार शांतता होती आणि ती चांगली नव्हती.

चाळिसाच्या वर काटा जाऊ न देता आम्ही साताऱ्याला पोचलो. बाबूशेठनी दोन टायर पुढ्यात टाकले. नक्षी दोघांची एकच, आण्णांच्या मनासारखी, चौकड्यांची. रबर ना मऊ ना कडक. आण्णांनी नख लावलं, वास घेतला, मांडीवर घेऊन कुरवाळला. मला वाटलं, सुटलो!

"हा हलका हाय, एकट्याला चालतो," बाबूशेठ म्हणाले. "आणि हा जाड, डबल सीटला. कुठला देऊ, आण्णा? मागं कुणी बसतं का?"

आण्णांनी एकदा हा टायर उचलला, एकदा तो. मग दोन्ही नीट भिंतीशी लावून ठेवले.

"आजून ठरंना," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

परतीच्या वाटेवर मी रागाने एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं. पेठ नाक्याच्या पुढे सूर्य कलला आणि आण्णांनी एका लिंबाखाली फटफटी लावली. डबा उघडला. त्यांनीच केलेल्या भाकऱ्या, एका बाजूने करपलेल्या. आता मात्र मला राहवेना.

"आण्णा, तो टायर मनासारखा होता. जाड घ्यायचा, विषय संपला! तुम्हाला काही झालं तर काकूंनी काय करायचं?"

आण्णा बराच वेळ भाकरीचा करपलेला पापुद्रा काढत राहिले.

"मास्तर, डबलचा आनला आन् मागं कुनी बसलंच न्हाई तर रोज त्याच्याकडं बघू कसा? आन् एकट्याचा आनला..." त्यांनी पापुद्रा फेकून दिला. "एकट्याचा आनला म्हंजे मीच कबूल केलं की."

मग फटफटीकडे हात करून म्हणाले, "मिस्त्री म्हनतो चाक कललंय. डावीकडं झिजलाय तो तिच्यामुळं झिजलाय. ती त्या अंगाला बसती. त्यो काढून टाकू व्हय, कागद यायच्या आदी?"

मला माझी लाज वाटली. गेले कित्येक दिवस मी या माणसाला मनात काय काय म्हणत होतो. मी करपलेली भाकरी चांगली झालीय म्हणून सांगितलं आणि सूर्य टेकायच्या आत आम्ही दोघांनी डबा संपवला. उरलेल्या वाटेवर मी न सांगता एका अंगाला बसलो.

पुढचे दहा-बारा दिवस मीही पोस्टमनची वाट बघत काढले, जणू कागद माझ्याच नावावर येणार होता.

एक दिवस मी सातवीच्या वर्गात फुलदाणी काढून घेत होतो. दारात आण्णा. टोपी वाकडी, धोतराचा सोगा हातात, दम लागलेला. "चला," एवढंच म्हणाले आणि मला ओढत पोस्टात नेलं. त्यांनी साताऱ्याला ट्रंककॉल लावायला सांगितला. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता, मला नुसतं शेजारी उभं राहायचं होतं.

तासाभराने फोन लागला. आण्णांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि साताऱ्याला बिनतारेचंही ऐकू गेलं असतं अशा आवाजात ओरडले.

"बाबूशेठ! भूपाल बोलतोय, सांगली! त्यो टायर द्या! जाड, जाड! डबल सीटचा! आवं, डबल! दोन मान्सांचा!"

पोस्टातल्या सगळ्या माना वळल्या. तिकिटं चिकटवणारा कारकून जीभ बाहेर ठेवूनच थांबला. तिकडून बाबूशेठनी नक्की ना, असं काहीतरी विचारलं असावं.

"ठरलं!" आण्णा ओरडले. "गाठ साधी हाय! साधी! डागदर म्हनला घरी न्या!"

मी तिथल्या बाकावर बसलो. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण शेजारच्या बाईंना मी डिंकाचा वास सहन होत नाही असं सांगितलं. आण्णांनी रिसीव्हर उलटा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसले. "ताप बी उतरलाय. पिठलं मागितलं तिनं."

तिसऱ्या दिवशी टायर एसटीच्या टपावरून, कंडक्टरच्या ओळखीने, सांगलीत उतरला. त्या दिवशी आण्णांनी कुणालाही नख लावू दिलं नाही.

डॉक्टरांनी चार महिने फटफटीला मनाई केली होती. म्हणून काकू मिरजेहून टांग्यातून घरी आल्या. मागे आण्णा, नव्या टायरवर, टांग्याच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये. सांगलीत शिरेपर्यंत इंजिनाची धग त्यांच्या मांड्यांना लागत होती, पण ते टांग्याच्या पुढे गेले नाहीत. काकू मागच्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या आणि सारखं बोलत होत्या. "व्हय, व्हय," आण्णा म्हणत होते.

मधले महिने फार अवघड गेले, आण्णांना. रोज संध्याकाळी ते फटफटीवरून एकटेच चक्कर मारून येत आणि येताच टायरपाशी बसत. "सरळ झिजतोय, मास्तर," असं ते तक्रारीच्या सुरात सांगत. सरळ झिजतो म्हणून कुरकुरणारा वाहनमालक मी दुसरा पाहिलेला नाही.

चार महिने संपले त्या सकाळी दोघं बाहुबलीला गेले. त्यानंतर म्हसवड झालं, वाईचा घाट झाला, आणखी कुठली कुठली झाडं झाली. माझी पुढे साताऱ्याला बदली झाली. खोली सोडायच्या दिवशी मी सामान टांग्यात ठेवलं. काकू दहीसाखर आणायला आत गेल्या होत्या, आण्णा टांग्याच्या चाकांच्या लोखंडी धावा तपासत होते. फटफटी अंगणात उभी होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि अंगठ्याचं नख लावलं.

उजवीकडे चौकड्या अजून खोल होत्या. डावीकडे नखाला काही लागलंच नाही.