काळा प्लग आणि ईडलिंबू

शेजारच्या कुसाबाईंनी आमच्या मोटरसायकलकडे टक लावून पाहिलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची, पन्नाशीला टेकलेली. ते गेल्यापासून घरामागे गोणपाटाखाली पडून होती. आमच्या ह्यांनी हौसेनं दुरुस्त करून घेतली, पुसूनबिसून पुढच्या अंगणात लावली. कुसाबाई म्हणाल्या, "नव्यापेक्षा उजवी दिसते हो." आणि त्याच संध्याकाळी ती द्वारका चौकात, भर रहदारीत बंद पडली.

मी कुणाला दोष दिला नाही. फक्त लिंबू-मिरच्या दोऱ्यात ओवून हँडलला बांधल्या. तिथे एक छोटासा दांडा होता, जणू त्यासाठीच केलेला.

पण गाडी जास्तच रुसायला लागली. हे प्लग काढून थेट स्वयंपाकघरात यायचे.

"प्लग म्हणजे इंजिनाची जीभ," हे म्हणाले. "निरोगी असला की बिस्किटाच्या रंगाचा दिसतो."

"मग हा?"

"ह्यानं काजळी धरलीय. पेट्रोल जास्त, हवा कमी."

"म्हणजे पित्तच," मी म्हणाले. (मला समजतंय, एवढंच सांगायचं होतं.)

मी तो ब्रशने लख्ख घासून दिला. (ब्रश कुणाचा, ते ह्यांचे दात घासून झाल्यावर सांगितलं.)

मग एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला. प्लग काळा तो काळाच. दृष्ट जबर दिसत होती. मी दर शनिवारी आधीपेक्षा मोठं लिंबू बांधत गेले.

इकडे सासूबाई आस लावून बसल्या होत्या. सिन्नरला त्यांची धाकटी बहीण, तानुमावशी. सासरे त्यांना ह्याच गाडीवरून तिकडे नेत. "एकदा मला तशी जाऊ दे महेश, मग खुशाल वीक," त्या म्हणायच्या.

शेवटी हे वैतागले. "रविवारी सिन्नरला पोचली तर ठेवतो आई. नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक येतंय."

आता माझ्यावर जबाबदारी आली. मी बाजारातून आंब्याएवढं ईडलिंबू आणलं.

रविवारी सासूबाई पदरावर हेल्मेट चढवून मागे बसल्या. गाडी एका किकमध्ये सुरू झाली, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, खोकली आणि थांबली. सासूबाई उतरल्या नाहीत. तशाच हेल्मेटात बसून राहिल्या.

ह्यांनी प्लग काढला. काळाकुट्ट.

"चोक तर मी आत्ताच बंद केला होता," हे पुटपुटले. हात माझ्या त्या दांड्यावर होता. तोच चोक. थंड गाडी सुरू करताना खाली ओढायचा, म्हणजे हवा अडते. मग लगेच वर करायचा. ह्यांनी वर केला, हात सोडला. ईडलिंबाच्या वजनानं दांडा हळूहळू खाली आला.

"परत कर बरं," सासूबाई म्हणाल्या.

परत तसाच खाली आला. रस्त्यात गाडी बंद पडली की हे स्वतःच चोक ओढून किका मारायचे, म्हणून तो खाली दिसला तरी कधी शंका आली नव्हती.

"अंजली, हे कधीपासून बांधतेस?"

"कुसाबाईंनी पाहिलं तेव्हापासून."

"बिचारी कुसा," सासूबाई म्हणाल्या.

लिंबू सुटलं, प्लग पुसून बसवला आणि मायलेक भुर्रकन निघून गेले. मी डबा घेऊन बसने गेले.

माझ्या आधी माझी कीर्ती पोचली होती. ओट्यावर सासूबाई सगळ्यांना प्लग दाखवत होत्या, बिस्किटाच्या रंगाचा. "आता ही विकायची नाही," हे मला बघून म्हणाले. मला फार बरं वाटलं. शेवटी धडपड त्यासाठीच तर होती.

जेवायला बसलो. तानुमावशींनी सगळ्यांच्या ताटात लिंबाची फोड वाढली. माझ्यापाशी आल्या, थबकल्या आणि फोड परत वाटीत ठेवली.

"हिला नको गं," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आमचा मिक्सर नवा आहे."