शिंगाडे मास्तरांची हजेरी

शिंगाडे मास्तर हजेरी घेत ती मुलांची नव्हे, मुलांच्या अवयवांची.

"दगडू, डोळे?"

"हाजर!"

"कान?"

"हाजर!"

"मेंदू?"

इथे दगडू जरा घुटमळे. "वाटंत हाय मास्तर. येईल."

मग मास्तर त्याच्या नावापुढे अर्धी रेघ ओढत. दुपारच्या सुट्टीपर्यंत मेंदू पोचला तर रेघ पुरी होई, नाही तर अर्धीच राही. महिनाअखेरीला हेडमास्तर ती वही उघडत आणि कपाळावर हात मारून घेत. मंगळवारी साडेसव्वीस मुले हजर होती, हे वरच्या कचेरीला कळवायचे कसे?

मी वालूरच्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा निजामाचे राज्य जाऊन दोन-एक वर्षे झाली होती. तोवर तिथे वरच्या वर्गांचे सगळे शिक्षण उर्दूत चालायचे. आता ते मराठीत व्हायचे होते. मी मूळचा संगमनेरचा. पण सेलूच्या स्टेशनावर उतरून, बैलगाडीत हाडे खिळखिळी करून घेऊन मी शाळेत पाऊल टाकले तेव्हा शिंगाडे मास्तर म्हणाले, "या, पुनेकर." त्यांच्या लेखी औरंगाबादच्या पलीकडे सगळे पुणेच होते. दोन वर्षे मी त्यांना नकाशा दाखवत राहिलो. शेवटी 'पुनेकर' जाऊन 'गुर्जी' झालो, यातच समाधान मानले.

मास्तर शास्त्र शिकवत. घर धनगराचे. भाऊ अजून मेंढरामागे होता. हे एकटेच परभणीला राहून उर्दूत मॅट्रिक झालेले. शास्त्रातही त्यांचा जीव एकाच विषयात, माणसाचे शरीर. बाकी उष्णता, प्रकाश वगैरे ते पाहुण्यांना पाणी विचारावे तसे उरकत आणि पुन्हा पेशींवर येत.

आता अडचण अशी की मास्तर हे सगळे शिकले होते उर्दूत, शिकवायचे होते मराठीत आणि त्यांना मनापासून कळले होते ते मेंढरांच्या वाड्यावर. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला तीन नावे होती. नव्या पुस्तकातली पेशी म्हणजे जुन्या पुस्तकातली खलिया, म्हणजे मास्तरांचे मेंढरू. पुस्तकातली ऊती म्हणजे नसीज, म्हणजे कळप.

"ध्यान देऊन ऐका," ते सांगत. "येक मेंढरू म्हंजे पेशी. येकाच जातीच्या मेंढरांचा कळप म्हंजे ऊती. चार कळप येका वाड्यावर बसले की झाला अवयव. आन् समदे वाडे मिळून जो मुलूख, तो आदमी. कळलं का?"

"कळलं!" वर्ग ओरडे.

कळले म्हणजे काय कळले, ते परीक्षेत दिसायचे. 'स्नायू ऊतीचे कार्य लिहा,' या प्रश्नाला एकाने लिहिले होते, 'स्नायू ऊती सकाळी चरायला जाते व सायंकाळी परत येते.' मास्तरांनी त्याला दहापैकी सात गुण दिले. मी विचारले, सात कशाचे? तर म्हणाले, "चुकलं कुठं? हालचाल हेच तिचं काम हाय की."

मास्तरांशी वाद घालून उठताना माणसाला आपले म्हणणे काय होते तेच आठवत नसे.

पण या सगळ्या गोंधळाचा बादशहा होता मास्तरांचा तक्ता.

वर्गाच्या भिंतीवर वेळूच्या काठीला एक मांजरपाटाचे भले मोठे कापड टांगलेले होते. त्यावर पुरत्या उंचीचा एक माणूस काढला होता, आतली सगळी यंत्रणा दाखवत. वरच्या बाजूला चार चौकोन होते. पेशी, ऊती, अवयव आणि माणूस, या क्रमाने. फक्त हा क्रम उजवीकडून डावीकडे लावला होता. तक्ता मुळात उर्दूचा, आणि उर्दू उजवीकडून वाचतात. मास्तर छडी उजवीकडून फिरवत आणि मुले वहीत डावीकडून उतरवून घेत. त्यामुळे निम्म्या वर्गाच्या मते पेशींचा माणूस होत होता आणि निम्म्या वर्गाच्या मते माणसापासून सुरुवात होऊन शेवटी एक पेशी उरत होती.

"मास्तर, हा क्रम उलटा आहे," मी एकदा म्हणालो.

"उलटा कामून? पुस्तक कुन्या बाजूनं उघडतंय तेच्यावर हाय ते."

"पण आता पुस्तक डावीकडून उघडतं."

"पुस्तक उघडतंय हो. हा आदमी न्हाई उघडत."

बरे, हा आदमीही सरळ नव्हता. त्याचा एक खांदा चांगला चार बोटे खाली उतरलेला होता. मी म्हटले, निदान तो खांदा तरी सारखा करा, कोळशाची एक रेघ ओढली की झाले. इतर कशावरही हसणारे मास्तर एकदम म्हणाले, "खांद्याला हात लावू नगा, गुर्जी." मी तो विषय सोडला. मला वाटले, स्वतःच्या चित्रकलेचा अभिमान असेल.

तक्त्यावरची मूळ नावे उर्दूत होती. फार देखणे अक्षर होते. मला त्यातले ओ की ठो कळत नसे, पण पाहत राहावेसे वाटे. आता मराठी झाल्यावर मास्तरांनी त्या प्रत्येक नावावर मराठीची चिठ्ठी डकवली होती. मात्र चिठ्ठीच्या फक्त वरच्या काठाला खळ लावलेली. खालून चिठ्ठी मोकळीच. खिडकीतून वारा आला की सगळ्या चिठ्ठ्या फडफडून वर होत आणि घटकाभर माणूस उर्दू होई. वारा पडला की पुन्हा मराठी. मुले धडा सोडून वाऱ्याचीच वाट पाहत.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यामुळे झाले. मला फडफडणारी गोष्ट सहन होत नाही. उघडे दार, सुटलेली गुंडी, कोपरा दुमडलेले पान दिसले की माझा हात आपोआप तिकडे जातो. मी मास्तरांना निदान दहा वेळा म्हटले असेन, चिठ्ठ्या चारी बाजूंनी चिकटवा.

"आसू द्या, गुर्जी. हवा लागू द्या. पेशीला हवा लागती."

हे काय उत्तर झाले?

तशात हिवाळ्यात बातमी आली की इन्स्पेक्टरसाहेब येणार. उर्दूत शिकलेले मास्तर मराठीत शिकवू शकतात की नाही, हे ते स्वतः वर्गात बसून पाहणार होते. त्यांचे मत चांगले पडले तर शिंगाडे मास्तर कायम. नाही तर नोकरी जाणार आणि मास्तर पुन्हा भावाबरोबर मेंढरामागे. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून बजावले, "एक ध्यानात ठेवा. तक्त्यावर उर्दूचं एक अक्षरसुद्धा दिसता कामा नये."

"न्हाई दिसनार," मास्तर म्हणाले. आणि रविवारी लोकर कातरायला भावाच्या वाड्यावर निघून गेले. चिठ्ठ्या होत्या तशाच.

माझा जीव खालीवर होऊ लागला. सोमवारी साहेब यायचे, त्याच वेळी वारा यायचा, आणि या भोळ्या माणसाची भाकरी एका झुळकीसरशी उडून जायची. आपण काहीतरी केले पाहिजे, असे मला वाटले. मला असे वाटते तेव्हा कोणीतरी मला धरून ठेवले पाहिजे, पण त्या दिवशी कोणी नव्हते. मी दुपारी गव्हाच्या पिठाची दाट खळ शिजवली, बाइंडर घालतात तसे तिच्यात मोरचूद घातले आणि शाळेत जाऊन एकेक चिठ्ठी चारी काठांनी दाबून बसवली. एकूण एक. वरून हात फिरवून पाहिला. गुळगुळीत. इतके समाधान मला लग्नातही झाले नव्हते.

सोमवारी मास्तर वाड्यावरून थेट वर्गात आले. कोटाला लोकर चिकटलेली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. साहेब खुर्चीत आणि हेडमास्तर दारात.

साहेबांनी छडी घेतली आणि डावीकडच्या चौकोनावर ठेवली. "सांगा पाहू, शरीराची सुरुवात कशापासून?"

"आदमीपासून!" अर्धा वर्ग ओरडला.

"पेशीपासून!" उरलेला ओरडला.

साहेबांनी छडी दुसऱ्या टोकाला नेली. आता पहिले गप्प झाले आणि दुसऱ्यांनी मत बदलले. साहेब गोंधळले. "मास्तर, नक्की काय शिकवलंत? पेशींचा माणूस होतो की माणसाच्या पेशी होतात?"

"दोनी होतंय, साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. "जितेपनी हिकडून तिकडं. मेल्यावर तिकडून हिकडं."

साहेब हसले आणि छडी खाली ठेवली. "बरं, आवरण ऊती म्हणजे काय, तेवढं मराठीत सांगा."

मास्तर रंगात आले. "वरून झाकती ती आवरण ऊती, साहेब. आपली कातडी घ्या. वरचा थर रोज झडायलाय, खालून नवा यायलाय. वरचा दिसतो म्हनून खालचा न्हाई आसं म्हनू नये. खालचा हायच. तेच्या जिवावर तर..."

तेवढ्यात खिडकीतून वारा आला. तक्ता भिंतीवर हलला. चिठ्ठ्या हलल्या नाहीत. मुले वर पाहत राहिली. मास्तरही पाहत राहिले, आणि त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. साहेब उठून तक्त्याजवळ गेले, हृदयाच्या चिठ्ठीचा कोपरा नखाने खरवडून पाहिला. तो निघाला नाही. साहेबांनी समाधानाने मान हलवली. मागच्या बाकावर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मास्तर कायम झाले. हेडमास्तरांनी सगळ्यांना चहा मागवला. चहा आला पण मास्तर कुठे दिसेनात, म्हणून मी त्यांचा कप घेऊन वर्गात गेलो. मुले घरी गेली होती. मास्तर तक्त्यापुढे उभे राहून एका चिठ्ठीच्या काठाशी नख घालत होते.

"गुर्जी, हे कुनी चिकटवलं?"

"मी," असे म्हणून मी आभाराची वाट पाहू लागलो.

"लय घट बसलंय."

"मोरचूद घातलंय. कीडसुद्धा लागायची नाही."

"आसं," मास्तर म्हणाले आणि नख घालतच राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला पहिल्यांदा शंका आली, की माझे काहीतरी चुकले आहे.

"पाण्यानं भिजवून काढू का?"

"नगं. खाली शाई हाय. फुटंल." मग म्हणाले, "हमीदसाबाचं आक्षर हाय ते."

हमीदसाब हे नाव मी शाळेत कधीकधी ऐकले होते. माझ्या आधी ते इथे गणित शिकवत, एवढेच मला माहीत होते. मास्तर सांगू लागले, माझ्याकडे न पाहता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांनी मिळून हा तक्ता केला होता. पुरा माणूस काढायचा कसा, हे कोणाला जमेना. तेव्हा हमीदसाब कापडावर सरळ उताणे झोपले आणि म्हणाले, काढ माझ्याच भोवती रेघ. मास्तरांनी कोळशाने काढली. लहानपणी चिंचेवरून पडून त्यांचा एक खांदा उतरला होता. तोही तसाच आला. आतले अवयव मास्तरांनी काढले आणि नावे हमीदसाबांनी लिहिली.

"मग ती गडबड झाली. निजाम गेला त्या वक्ताची. बायकापोरं घेऊन निघाला. मीच सेलूला नेऊन गाडीत बसवलं. म्हनला, पोचलो की कागद टाकतो."

"मग?"

"कागद न्हाई. कोन म्हनतंय हैद्राबादेत हाय. कोन म्हनतंय कराचीला गेला. आन् कोन म्हनतंय... मला तर कायबी कळंना झालंय, गुर्जी. शाळा सुटली की रोज येक येक चिठ्ठी उचलून बगत होतो. तेवढंच हाय ना त्याच्या हातचं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माफी मागावी म्हटले, तर मी एका माणसाची नोकरी वाचवली होती आणि त्याच चार बोटे खळीने त्याचे होते नव्हते ते पुरून टाकले होते. यातल्या कशाची माफी मागायची? हातात चहा तसाच गार होत होता. "मास्तर, मला खरंच माहीत नव्हतं हो," एवढेच कसेबसे बोललो.

"तुमी तरी काय करनार? मी सांगितलंच न्हाई कुनाला," मास्तर म्हणाले. "भाकर वाचवली तुमी."

मग त्यांनी हात वर नेला आणि उजवीकडच्या पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवले. सकाळी हजेरी घेत त्याच आवाजात, पण हळू, विचारले, "खलिया?"

उत्तर द्यायला खोलीत मी एकटाच होतो.

बोट डावीकडे सरकले. "नसीज?"

मग पडद्याआडच्या माणसाला हाक मारावी तसा त्यांचा आवाज झाला आणि बोट खाली आले. हृदयाच्या चिठ्ठीवर थांबले. साहेबांनी खरवडलेला कोपरा तसाच घट्ट होता.

"कल्ब?"

"हाजर," मी म्हणालो.

मास्तरांनी वळून पाहिले नाही. त्यांचा हात तसाच वर सरकला आणि त्या उतरलेल्या खांद्यावर जाऊन थांबला. तिथे ना उर्दूत काही लिहिलेले होते, ना मराठीत. तिथे त्यांनी काही विचारले नाही. नुसता हात ठेवून उभे राहिले.