तत्त्वतः मंजूर मुतारी

नगरपालिकेच्या व्यापारी संकुलाचा पुनर्विकास कसा व्हावा, याबद्दल नागरिकांची मते जाणून घ्यायचे प्रशासनाने ठरवले, त्या वर्षी गावात पिण्यासाठी पाणी नव्हते. मते मात्र मुबलक होती. निलंग्याच्या वाटेवरचे ते गाव लवकरच नवा जिल्हा होणार, अशी पक्की बातमी होती. ती कुणी दिली हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणूनच ती पक्की होती. आता जिल्हा यायचा म्हणजे त्याला शोभेल असे संकुल नको का?

त्या संकुलात कोपऱ्यातल्या गाळ्यात महानंदा ब्लाउज शिवायची. तिच्या हातचा गळा असा बसायचा की हदगावला दिलेल्या लेकीसुद्धा माप द्यायला माहेरी येत. अडचण एकच होती. अख्ख्या संकुलात बायकांना जायला जागा नव्हती. पुरुषांना मागची भिंत होती. महानंदा सकाळचा चहा घेतला की संध्याकाळी घर गाठेपर्यंत पाण्याला शिवत नसे. दुष्काळात पाणी वाचवल्याबद्दल खरे तर तिचा सत्कार व्हायला हवा होता. डॉक्टरांनी मात्र तिला चांगलेच फैलावर घेतले होते.

सभेत मुख्याधिकारी साहेबांनी पडद्यावर चित्र दाखवले. काचेची दर्शनी बाजू, सरकता जिना आणि मधोमध उंच कारंजे.

"साहेब, कारंज्याला पाणी कुठलं?" मागून कुणीतरी विचारले.

"चित्रात आहे ना," साहेब म्हणाले. "पुढची सूचना?"

महानंदा उठली. "साहेब, जिना न्हाई सरकला तरी चालंल, आमी सरकू. बायांसाठी मुतारी तेवढी बांधा. दिवसभर जीव मुठीत धरून बसावं लागतंय."

सभागृह क्षणभर चपापले. मग साहेबांनीच टाळी वाजवली. "याला म्हणतात लोकसहभाग! सूचना तत्त्वतः मंजूर!" मग सगळेच टाळ्या वाजवू लागले, सर्वांत जोरात संगप्पा पेढेवाला. महानंदाला तिथल्या तिथे स्थळनिश्चिती उपसमितीचे अध्यक्षपद मिळाले.

दुसऱ्या दिवशी ती अभियंत्याला घेऊन संगप्पाच्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेवर गेली.

"ताई, इचार लई चांगला हाय," संगप्पा म्हणाला. "टाळ्या मीच वाजवल्या की. पण पेढ्याशेजारी? गिऱ्हाईक आधी वास घेतंय, मंग पेढा घेतंय."

फोटो स्टुडिओवाला शिवमूर्ती म्हणाला, नवरा-नवरीच्या फोटोत मागे तसली पाटी आली तर संसार कसा सुरू व्हायचा? वरच्या मजल्यावरच्या पतसंस्थेने पत जाईल म्हणून हरकत घेतली. गच्चीचा विचार झाला. पण तिथे पाण्याची टाकी होती, आणि कोरडी असली तरी तिचे पावित्र्य राखणे आवश्यक होते. सर्व हरकती प्रशासनाने गांभीर्याने घेतल्या, कारण हरकत घेणारे सगळेच मुतारीच्या बाजूने होते.

"ज्यांची हरकत नसेल त्यांच्याकडेच बांधू," साहेबांनी मार्ग काढला. "तुमची आहे का हरकत?"

"माझी कशी असंल? मीच तर मागतीय!"

झाले. मुतारी महानंदाच्या गाळ्यात मंजूर झाली. मशीन जिन्याखाली गेले. कापड बेतायच्या पाटाखालच्या फरशीवर पहिली कुदळ पडली तेव्हा तिने तोंड फिरवले. मग स्वतःलाच म्हणाली, गाळा गेला तर गेला, बाया तर जातील.

बाया गेल्या नाहीत. पांढऱ्याशुभ्र फरशांची मुतारी बांधून झाली आणि तिला कुलूप लागले. उद्घाटन नव्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते व्हायचे होते. जिल्हाधिकारी यायला आधी जिल्हा यायचा होता. शिवाय पाणी नव्हते.

पाणी आले ते कारंज्यासाठी; चित्रातले तेवढेच एव्हाना उभे राहिले होते. गाव जिल्ह्याच्या लायकीचे आहे का, हे पाहायला पथक येणार होते. कारंज्याच्या तालमीसाठी टँकर उभा राहिलेला पाहिला आणि महानंदाच्या डोक्यात तिडीक गेली. बांगड्या विकणाऱ्या सरजाबाईला तिने हाक दिली. बघता बघता बाजारातल्या बाया घागरी, कळश्या घेऊन धावल्या.

"ओ बाई, ते कारंज्याचं पानी हाय!" पहारेकरी ओरडला.

"तिथं वर उडतंय, इथं खाली जाईल," सरजाबाई म्हणाली. "सरक बाजूला."

महानंदाने जिन्याखालची इस्त्री उचलली आणि कुलपावर घातली. दुसऱ्या घावाला दार उघडले. मग त्या भर दुपारी, भर बाजारात महानंदा तांब्याभर पाणी घटाघटा प्याली. कितीतरी वर्षांनी.

बायकांची मुतारी चालू पाहून पथक खूश झाले. संगप्पाच्या घरातल्या सुनाही येऊ लागल्या. सगळ्याजणी येत, पाणी मात्र कुणी ओतत नसे. थोड्याच दिवसांत नाकाला पदर लावल्याशिवाय आत जाता येईना. प्रशासनाने लगेच स्वच्छतेबाबत नागरिकांची मते मागवली. सभेला ही गर्दी! स्वच्छता अत्यावश्यक आहे यावर एकमत झाले.

"मंग धुवायला परत्येक घरानं एकेक वार घ्यायचा का?" महानंदाने विचारले.

"तसल्या कामाला मानसं असत्यात की," संगप्पा म्हणाला, आणि त्याची नजर, सवयीने, सरजाबाईकडे वळली.

सरजाबाईने ती नजर ओळखली. तिच्या आजाने बाबासाहेबांच्या शब्दावर तसली कामे सोडली, त्याला आता कितीतरी वर्षे झाली होती.

"आमच्या घरात सून मास्तरीन हाय, दादा, ल्योक तलाठी," ती शांतपणे म्हणाली. "कुनालाच येळ न्हाई. तुमच्या घरी कोन मोकळं हाय?"

संगप्पाला दूध उतू जात असल्याचे आठवले. शिवमूर्तीचे गिऱ्हाईक खोळंबले होते. साहेबांना वरून फोन आला. दाराशी चपलांसाठी झुंबड उडाली. महानंदाने आपला वार सोमवार सांगितला आणि बाकीचे वार विचारायला मान वर केली, तोवर सभागृह रिकामे झाले होते.

अहो, पण तुम्ही कुठे निघालात? मंगळवार अजून मोकळा आहे.