मोबाईलमामाची मांडी

या, या, सतरंजीच्या कडेला असे परक्यासारखे बसू नका, जरा पुढं सरका. टाळकऱ्यांचा चहा चाललाय, बुवांना गळा मोकळा करायला अजून अवकाश आहे. तोवर पाचोडच्या गोकुळची गोष्ट सांगून टाकतो. बुवा आधी निरूपण करतात आणि मग दृष्टांत देतात. आपल्यापाशी नुसता दृष्टांतच आहे. निरूपण ज्याचं त्यानं घरी जाऊन करावं.

तर हा गोकुळ मोसंबीचा व्यापारी. बांधावर उभं राहून बागेकडं एक नजर टाकली, की कुठलं झाड गोड, कुठलं नुसतं सालीचं, हे सांगून मोकळा! फळ हातात घेऊन चाचपणारा व्यापारी त्याच्या लेखी व्यापारीच नव्हे. “माल नजरेनं वळखायचा असतो,” तो म्हणायचा, “हातानं तर माकडं बी वळखत्यात.”

त्याची एकुलती बहीण तनुजा शहरात, गारखेड्यात दिलेली. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला म्हणून बाळंतपण तिकडंच झालं. मुलगा झाला, सत्यम. मामानं पेढे वाटले, पण पाचोडच्या बाजारात! बारशाला निघाला, तर दारात बागेचा सौदा येऊन बसला. उष्टावणाला निघाला, तर ट्रक भरायचा राहिला. आता पाचोडहून गारखेडा म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. न्याहारी करून निघालेला माणूस तिकडं जेवायला पोचतो. पण गोकुळचा भक्तिभाव सगळा मोबाईलवर. बारशाला तनुजानं फोन पाळण्यात ठेवला आणि बायकांनी दोघांना मिळून झोके दिले. उष्टावणाचा पहिला घास मामानं भरवायचा असतो. तोही त्यानं भरवला. म्हणजे चमचा इकडं आजीनं धरला आणि ‘आ’ तिकडं पाचोडात मामानं केला.

रोज संध्याकाळी मात्र फोन चुकायचा नाही. सत्यम स्क्रीनवर हात मारून खिदळायचा आणि गोकुळला वाटायचं, भाचा आपल्याला पुरता ओळखतो.

तनुजाच्या सासूबाई, वच्छलाबाई. फार तिखट बाई. देवीला हळद-कुंकू वाहताना हात जेवढा हलका, तेवढीच माणसाला लाखोली वाहताना जीभ जड. त्यांनी गोकुळचं नाव ठेवलं मोबाईलमामा. जावळाचा दिवस ठरला तसा त्यांनी स्वतः फोन लावला.

“गोकुळराव, बारसं मोबाईलवर झालं, उष्टावण झालं. जावळाला मामाची मांडी लागती. ती मोबाईलमधून येत नाय.”

“येतो म्हणलं ना, मावशी.”

“नाय आलात तर मी आमच्या अन्सारच्या मांडीवर बसवीन. तुमच्यापायी देवी ताटकळायची नाय.”

अन्सार म्हणजे गारखेड्यातला शेजारी, भाड्याची जीप चालवणारा. रोज संध्याकाळी सत्यमला खांद्यावर घेऊन गल्लीत चक्कर मारायची, हा त्याचा नेम. त्याच्या दारात पोरगं रांगायला शिकलं. पण गोकुळला ते बोलणं असं झोंबलं, की त्या रात्री त्याच्या घशाखाली भाकर उतरली नाही. सख्खा मामा हयात असताना मांडी शेजाऱ्याची? मग बहिणीच्या सासरी कुठल्या तोंडानं जायचं? त्यानं तनुजाला शब्द दिला, की या वेळी देवळात सगळ्यांच्या आधी मी दिसंन.

आणि दिसला! शिवराजचं, म्हणजे तनुजाच्या नवऱ्याचं, मूळ गाव पिशोर. जावळ तिथल्या शिवारातल्या देवीपुढं निघायचं होतं. गोकुळ तांबडं फुटायच्या आत निघाला. डोक्यावर फेटा, मिशीला तेल, पिशवीत भाच्यासाठी जरीची टोपी, नवे कपडे आणि चांदीचे वाळे. देवळाच्या आवारात फकिरा न्हाव्यानं कडुलिंबाखाली पोतं अंथरलं, तेव्हा त्याच्यावर पहिलं बूड टेकलं ते गोकुळचं. नवाकोरा टॉवेल मांडीवर पसरून तो असा बसला, की देवीला गाभाऱ्यातून बघताना वाटावं, आज मान माझा आहे का याचा?

गारखेड्याची, म्हणजे अन्सारची, जीप मात्र गारखेड्यातच होती. पुरणाचं पातेलं पुढं ठेवायचं का मागं, यावर वच्छलाबाई आणि शिवराज यांचं एकमत होत नव्हतं. गोकुळला याची गंधवार्ता नाही. तो आपला धरून चालला, की मंडळी आली असतील आणि आत ओटी भरत असतील. फोन करून विचारावं? छे. आज फोनला हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. नेमका त्याच दिवशी!

त्या दिवशी देवीपुढं आणखी एका घरचं जावळ होतं. त्या घरच्या आजी सत्यभामाबाई. त्यांना लांबचं दिसत नसे आणि जवळचं अंदाजानं दिसे. सून आत ओटी भरायला गेलेली, नात काखेत. सुनेचा भाऊ येणार, एवढं त्यांना ठाऊक. त्याला त्यांनी लग्नात एकदा पाहिलेला, फेट्यात. इथं फेटा होता, मिशी होती, मांडीवर टॉवेल होता. मामा म्हणून देवानं याहून वेगळं काय घडवायचं?

“मामा ना तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“मग? सकाळधरून कुणाची वाट बघतोय?” म्हणून गोकुळनं हात पुढं केले.

लेकरू पिवळ्या फ्रॉकात होतं, डोक्यावर जावळाची झुपकेदार शेंडी, तिला लाल रबर. आता तुम्ही म्हणाल, फ्रॉक बघून तरी कळायला हवं होतं. पण आपल्याकडं आया काय करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुलगा झाला की फ्रॉकची हौस, मुलगी झाली की पँटची! तनुजा रोज फोनवर सत्यमला फ्रॉकातच दाखवायची. शिवाय गोकुळची नजर म्हणजे मोसंबीच्या बागा तोलणारी नजर. त्यानं एकदाच पाहिलं आणि ओळखलं. गाल तेच, शेंडी तीच. आजी काही ओळखीच्या वाटल्या नाहीत, पण सासरकडची भावकी कोण लक्षात ठेवतो?

आणि लेकरू किती गुणाचं! मांडीवर बसलं, मामाच्या मिशीचं टोक धरलं आणि अंगठा चोखू लागलं. गोकुळचे डोळे भरून आले. रक्त रक्ताला ओळखतं ते असं. त्यानं तिथंच चांदीचे वाळे पायात घातले आणि फकिराला म्हणाला, “चालू दे.”

वस्तरा निम्म्या डोक्यावरून फिरला, आणि गोकुळचा धीर सुटला. हे वच्छलाबाईंनी बघायलाच पाहिजे! मोबाईलमामा म्हणतात काय! आत बसून ओटी काय भरताय, बाहेर या. त्यानं नेम मोडला, खिशातून फोन काढला आणि तनुजाला व्हिडिओ कॉल लावला.

“तने, कुठं हायेस? बाहेर ये. सासूला बी आण. बघ, जावळ चाललंय माझ्या मांडीवर.”

पलीकडं गडगड आवाज आला. स्क्रीन हलली, मग स्थिर झाली. तीत जीपची सीट होती, तीवर तनुजा होती आणि तिच्या मांडीवर, डोकंभर जावळ मिरवत, सत्यम स्क्रीनवर हात मारून खिदळत होता.

“दादा,” तनुजा हळूच म्हणाली, “आम्ही आत्ताशी हर्सूल ओलांडलं. सत्यम माझ्यापाशी हाये. तुझ्या मांडीवर कोण हाये?”

गोकुळनं स्क्रीनवर पाहिलं. खाली पाहिलं. पुन्हा स्क्रीनवर पाहिलं. त्याच वेळी मांडीवरचा टॉवेल ओला झाला, फकिरानं लेकराला उचलून बाजूला धरलं, लंगोट सोडला आणि शांतपणे म्हणाला, “मामा, ही तर पोरगी हाये.”

तेवढ्यात देवळातून राजनंदिनीची आई बाहेर आली. हो, लेकराचं नाव राजनंदिनी! बघते तर तिची मुलगी एका बाजूनं तुळतुळीत, दुसऱ्या बाजूनं झुपकेदार, आणि परक्या फेटेवाल्या माणसापुढं. तिनं जी किंकाळी मारली, तिनं देवळावरचे पारवे उडाले ते दुपारपर्यंत परतले नाहीत. सत्यभामाबाईंचे मालक काकासाहेब काठी घेऊन धावले. सगळी चौकशी झाली. गाव कोणतं, बहीण कुठं दिली, मोसंबीचा काय भाव. गोकुळनं फेटा काढून हातात घेतला आणि जे घडलं ते सांगितलं. मध्येच फकिरानं विचारलं, की उरलेलं निम्मं काढू का असंच ठेवू?

आता खरा मामा कुठं, हा प्रश्न आला. राजनंदिनीच्या आईनं भावाला फोन लावला, स्पीकर चालू होता. “अगं ताई, निघालोच होतो,” पलीकडून आवाज आला, “पण सिमेंटची गाडी आली बघ. तू असं कर, व्हिडिओ कॉल लाव. मी इथून बघतो.”

गोकुळला तो आवाज ओळखीचा वाटला. आवाज दुसऱ्याचा होता, वाक्यं सगळी त्याची स्वतःची होती.

“नको येऊ,” बाई म्हणाली. “मामा आलाय.” आणि तिनं फोन बंद केला.

मग तिनं लेक उचलून पुन्हा गोकुळच्या मांडीवर ठेवली. “काढा उरलेलं,” ती फकिराला म्हणाली. काकासाहेबांनी काठी टेकवून निवाडा दिला, की ज्याच्या मांडीवर जावळ निघालं तो मामा. देवीपुढं झालेलं बदलत नसतं. आजपासून तुमची दिवाळी-राखी आमच्याकडं.

जीप आली ती नेमकी अंघोळ, ओटी, नैवेद्य सगळं उरकून राजनंदिनीला जरीची टोपी घालत असताना. वच्छलाबाई खाली उतरल्या, त्यांनी टोपी पाहिली, वाळे पाहिले, मग गोकुळकडं पाहिलं. “बाग लई लांबून बघितली वाटतं, गोकुळराव.” राजनंदिनीच्या आईनं वाळे परत द्यायला हात पुढं केला, तर वच्छलाबाईंनीच अडवला. देवीच्या दारात दिलेलं परत घेत नसतात.

“मावशी, मांडी अजून हाये,” गोकुळ काकुळतीनं म्हणाला. “सत्यमला द्या. सत्यम! ये राजा!”

सत्यमनं वर पाहिलं. त्याचा मामा तळहाताएवढा होता, चपटा होता आणि बोट लावलं की नाहीसा व्हायचा. हा भलामोठा मिशीवाला प्राणी कोण? त्यानं असं भोकाड पसरलं, की आत्ताच शांत झालेली राजनंदिनीही रडू लागली. टॉवेल बदलला, फेटा लपवला, मोसंबी दाखवली, व्यर्थ! मांडीला पोरगं टेकेना. उन्हं वर आली. शेवटी ते अन्सारकडं झेपावलं आणि त्याच्या गळ्याला चिकटलं.

“नक्को रो बेटा,” अन्सार त्याची पाठ थोपटत म्हणाला आणि अवघडून गोकुळकडं पाहू लागला. “मामू, तुम्ही बसा ना. मी पोराला नुसतं धरतो.”

“बस रे तूच, अन्सार,” वच्छलाबाई म्हणाल्या. “देवीला मांडी पाहिजे. कुणाची, ते पोराला कळतंय.”

अन्सार पोत्यावर बसला. वस्तरा बघून सत्यम पुन्हा कुरकुरायला लागला, तेव्हा तनुजाला युक्ती सुचली. तिनं भावाला लिंबाच्या झाडामागं उभं केलं आणि फोन लावायला सांगितला. सत्यमला स्क्रीनवर आपला चपटा मामा दिसला आणि स्वारी खुदकन हसली! मग झाडाच्या अलीकडं अन्सारच्या मांडीवर जावळ उतरत होतं, आणि पलीकडं पाचोडचा नामांकित व्यापारी, खोडाला टेकून, फोनसमोर ‘भुर्रर्र’ करत होता. सख्खा मामा हाकेच्या अंतरावर आणि हजर तो मोबाईलवरच!

पंगतीत गोकुळनं पुरणपोळी बाजूला सरकवली. येसराची झणझणीत आमटी तेवढी प्याला, डोळ्यांतल्या पाण्याला कारण हवं म्हणून.

आता तो दर रविवारी गारखेड्याला जातो. पाचोडचे व्यापारी सौद्याला रविवारी हाक मारत नाहीत. तिथं गेला की सत्यमपुढं बसतो आणि मोबाईलचं रिकामं कव्हर चेहऱ्यापुढं धरून त्यातून बोलतो. अन्सारनंच शिकवलंय, कव्हर दर खेपेला थोडं थोडं खाली घ्यायचं. परवा म्हणे भुवया मोकळ्या झाल्या, नाकही झालं. मिशीपाशी येऊन गाडी अडली आहे. राजनंदिनीकडं मात्र कव्हर लागत नाही. ती लांबूनच झेप घेते.

बरं, बुवा उठले, टाळ घ्या. एवढंच करा, घरी कुणी भाचा-भाची वाट बघत असेल, तर पाचोडच्या गोकुळची आठवण ठेवा. आणि त्याची आठवण काढली, हे त्याला कळवायचं झालं तर फोन करू नका. प्रत्यक्ष जाऊन सांगा.