सन्माननीय खासदारांची शववाहिका

आमचे खासदार सन्माननीय कार्लटन मॅकफर्लेन यांनी बावीस वर्षांत मतदारसंघातला एकही अंत्यविधी चुकवलेला नाही. किंग्स्टनच्या संसदेत त्यांचा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही, हे खरं. पण चर्चमध्ये ते बोलायला उभे राहिले की मयताबद्दल घरच्यांनाही नवी माहिती मिळते. शिवाय पक्षाच्या जांभळ्या रंगाचं पुष्पचक्र, मयताचा फोटो छापलेली चकचकीत पुस्तिका आणि बोकडाच्या सूपचा मोठा टोप, हे सगळं त्यांच्यातर्फे.

पहिल्या निवडणुकीत त्यांनी रुग्णवाहिकेचं वचन दिलं होतं. निधी आला, तेव्हा त्यांनी सखोल विचार केला. "रुग्णवाहिका फक्त आजाऱ्यांच्या उपयोगाची," ते म्हणाले. "शववाहिका मात्र प्रत्येक मतदाराला एकदा लागतेच. विकास सर्वांपर्यंत पोचला पाहिजे." आम्ही टाळ्या वाजवल्या.

एका मंगळवारी सकाळी वेल्डा आपल्या चार वर्षांच्या डेशॉनला कडेवर घेऊन खासदारांच्या कार्यालयात धावत आली. पोराला दमा. छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळे, एकाच पायात मोजा. दुसरा वाटेत कुठेतरी पडलेला. इस्पितळ डोंगरापलीकडे, आणि बाजाराचा दिवस सोडला तर टॅक्सी वर येत नाही.

"मिस पॅन्सी, गाडी द्या हो!"

सचिव मिस पॅन्सींनी चष्मा लावला. "मयत कोण?"

"कुणी नाही! माझं पोर गुदमरतंय!"

"मग गाडी कशी देऊ, बाळा? ती मयतासाठीच आहे. नियम काही मी केलेले नाहीत."

"मग हा मरेपर्यंत इथेच थांबू का?"

"असं अभद्र बोलू नये. बाक आहे बघ तिथे."

वेल्डाने अर्ज ओढून घेतला. मयताचं नाव: डेशॉन ओडेल ग्रँट. मृत्यूचा दिनांक: आजचा. तिने इतक्या घाईत लिहिलं की मिस पॅन्सींनी अक्षराबद्दल नापसंती व्यक्त केली. पण किल्ली दिली.

"शवपेटीच्या जागेवर मांडी घालून बस, पोरी," ड्रायव्हर एग्बर्टकाका म्हणाला. "कुणी टोपी काढली तर नुसती मान हलव."

आमच्या रस्त्यावर कुणी कुणाला वाट देत नाही, शववाहिकेला देतात. ट्रक कडेला लागले, डॉमिनोचे डाव थांबले, माणसं टोप्या काढून उभी राहिली. मागे वेल्डा पोराच्या पाठीवरून हात फिरवत कानात म्हणत होती, "घे श्वास, माझ्या राजा. अजून एक. अजून एकच." चाळीस मिनिटांचा घाट एकवीस मिनिटांत सरला.

"दहा मिनिटं उशीर झाला असता," नर्स म्हणाली, "तर ही गाडी परतीलाही कामी आली असती."

अर्ज मात्र कार्यालयात पुढे सरकत राहिला. गुरुवारी वेल्डाच्या दारात पुष्पचक्र आलं. शुक्रवारी पुस्तिका, डेशॉनच्या नाताळातल्या फोटोसह.

"अहो, पोर जिवंत आहे!" वेल्डा कार्यालयात जाऊन म्हणाली.

"अभिनंदन," मिस पॅन्सी म्हणाल्या. "पण शनिवारचा कार्यक्रम रद्द करायचा, तर आधी मृत्यू रद्द झाल्याचा दाखला आण. आणि बोकड कापून झालाय."

शनिवारी चर्च खच्चून भरलं. डेशॉन पहिल्या बाकावर, आईच्या मांडीत, पेपरमिंट चोखत. "पक्षाच्या पडत्या काळात खांद्याला खांदा लावणाऱ्या या थोर कार्यकर्त्याबद्दल" खासदार अर्धा तास बोलले. आम्ही रडलो.

"आई, कोण मेलं?"

"कुणी नाही, राजा. झोप तू."

तो झोपल्यावर वेल्डा बसल्या जागेवरून बोलली. "साहेब, मला फुलं नकोत, रुग्णवाहिका द्या. पुढच्या वेळी किल्ली मिळेपर्यंत याचा श्वास टिकायचा नाही."

खासदारांनी रुमालाने कपाळ टिपलं.

"ताई, पोराला कशातून नेलंस?"

"शववाहिकेतून."

"वेळेत पोचलं?"

"पोचलं, पण..."

"ऐकलंत?" खासदारांनी दोन्ही हात उंचावले. "रुग्णवाहिकेची गरजच नाही, हे या लेकराने सिद्ध केलंय! पुन्हा निवडून द्या, दुसरी शववाहिका आणतो. खास मुलांसाठी. लहान आकाराची."

टाळ्यांनी छप्पर हादरलं.

वेल्डाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा एक हात डेशॉनच्या डोक्याखाली होता आणि दुसरा त्याच्या छातीवर, श्वास चालू आहे ना ते बघायला. बाकी आमचे सगळ्यांचे हात मोकळे होते.