फरासिसांच्या कोटांची पाहणी आणि माचीचा निवाडा

श्रीदुर्गा राखो, लेखणी सरळ चालो. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीस राज्यात जे प्रकरण उपजले आणि ज्यापायी एक पाथरवट समुद्रापार जाऊन आला, ती हकीकत आम्ही त्या स्वारीचे चिटणीस, जैसी डोळां पाहिली तैसी लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही. ज्यास ठाऊक त्यास ठाऊक, ज्यास नाही त्याचे काही अडत नाही.

राजगादीचा थोरला किल्ला, वर बालेकिल्ला आणि कमरेशी रुंद माची, आणि माचीवर परीट, कुंभार, तेली, बुरूड ऐसी तीनशे बारा घरे नांदत होती. ऐसे असता हंबीरराव सेनापती यांणी कोणा फिरंगी गोलंदाजाकडून एक नक्षा पैदा केला आणि भर दरबारात उलगडोन बोलिले की, "फरासिसांचे कोट ऐसे असतात. आत राजा आणि शिपाई, बाकी पसारा बाहेर. आपला किल्ला आहे की आठवड्याचा बाजार? माची मोडावी, वस्ती खाली मैदानात घालावी, आणि निघेल त्या दगडात बालेकिल्ल्याचा तट दुप्पट करावा." महाराजांचे मनास गोष्ट आली. मग सटवाजी पाथरवट, किल्ल्याचे दगडकामाचा नाईक, वय साठीचे, यास बोलाविले. तो मुजरा करोन म्हणाला, "म्हाराज, माची मोडू नगा." महाराज हासिले आणि बोलिले, "तुझे घर माचीत, तुझ्या दोन्ही लेकींची घरे माचीत. तू नको म्हणणार हे आम्ही न विचारता जाणतो. यास्तव तूच जा. फरासिसांचे कोट पहा, हाताने चाचप, कैसे राहिले आणि कैसे पडले ते विचार, आणि खरे असेल तेच येऊन सांग. नक्षा खरा ठरला तर माचीचा पहिला चिरा तुझ्याच हाते निघेल." सटवाजीने बेलभंडारा उचलिला आणि खरे सांगेन म्हणोन शपथ वाहिली. आपले घर आपण मोडावे ऐसी शपथ वाहणारा माणूस आम्ही तोवर पाहिला नव्हता, आणि आम्हांस त्याची दया आली हे लपवीत नाही.

मग सटवाजी, आम्ही, आणि मिंगेल दुभाषी वसईकर ऐसे तिघे जहाजात बसलो, सात महिने पाणी पाहिले, आमचे पोटात अन्न ठरेना आणि सटवाजी खुशाल सुपारी कातरीत बसे, आणि अखेर फरासिसांचे मुलुखात उतरलो. पहिला कोट पाहिला तो पाण्यात, तळ्यात म्हैस बसावी तैसा. दुसरा टेकाडावर, परंतु आमचेकडे त्यास टेकाड म्हणत नाहीत, उंचवटा म्हणतात. तिसऱ्याची शौचकुपे तटाबाहेर लटकलेली आणि खाली खंदक, तेव्हा त्या खंदकात उतरणाऱ्या शत्रूचे धाडस आम्ही मान्य केले. चौथ्यात कबुतरखाना धान्याचे अंबारखान्याहून मोठा. हे सर्व हासण्याजोगे, परंतु काम चोख. चिऱ्यास चिरा ऐसा बसविला की मध्ये सुरीचे पाते जाईना, जिना उजवे हाताने फिरत वर गेलेला, म्हणजे चढणाऱ्या शत्रूची तलवार मधल्या खांबास अडावी. बांधोन पांचशे वर्षे होत आली आणि अद्याप उभे. आणि चारही ठिकाणी आत धनी व शिपाई, रयत बाहेर, नक्ष्यात होते तैसेच. सटवाजी चाचपी आणि म्हणे, "काम बेस हाय. नाव ठेवाया जागा न्हाई." ऐसे म्हणे आणि त्या दिवशी जेवीत नसे. चौथ्या कोटानंतर तो आम्हांस म्हणाला, "चिटणीस, शेनापती खरं बोलत्यात वाटतं. थोरलीच्या अंगणात औंदा लिंबाचं झाड लावलंया." 

पांचवा कोट एका वृद्ध विधवा बाईचा, नाव ओदीलबाई, वय सत्तरीचे, कमरेस किल्ल्यांचा जुडगा, नजर करडी. तिणे परवानगी दिल्ही, आणि सटवाजी तटाशी गेला. आता आमचेकडील पाथरवटांचा रिवाज ऐसा की, दुसऱ्याचे थोर काम भेटले तर पायतण काढावे, दगडास हळद लावावी, आणि कान टेकोन हातोडीने हळूहळू ठोकीत तटासरसे चालावे, म्हणजे दगड आतले सांगतो. मागील चार कोटांवर धनी गैरहजर होते, राखणदार पेंगत होते, कोणी काही बोलिले नाही. येथे सटवाजी ठोकीत तटाची एक बाजू चालोन गेला तोच वर घंटा वाजू लागली, आणि बारा म्हातारे शिपाई, कोणाचे शिरस्त्राण उलटे, कोणाचा एक जोडा राहिलेला, भाले घेऊन धावत आले आणि सटवाजीस धरिले. "सुरुंग! सुरुंग!" ऐसा एकच ओरडा. हळद पाहोन तर तो सुरुंगाचे दारूतील गंधक ऐसेच त्यांणी ठरविले. मिंगेल बिचारा दोन्हीकडे हात जोडीत सुटला. ओदीलबाई आली, प्रकार ऐकिला, आणि म्हणाली, "या कोटास एकदा आठ महिने वेढा पडला होता. शत्रूचे खणणारे रात्रंदिवस तटाखाली ठोकीत असत. तेव्हापासोन भिंतीस ठोका ऐकला की घंटा वाजवावी हा आमचा कायदा." सटवाजीने विचारले, "मग तट पडला का?" बाई ताठ होऊन म्हणाली, "एक दगड हलला नाही." सटवाजी म्हणाला, "मला ठावं हाय. ह्या बाजूचा समदा तट भरीव वाजतुया. निस्ता ह्यो हितं पोकळ हाय. ह्ये काय हाय बाई?"

मिंगेलने हे सांगताच बाईचा चेहरा उतरला. शिपायांस तिणे जावयास सांगितले, आणि दगडावर बसोन बोलली, "तेथे दिंडी, म्हणजे तटातला लहान दरवाजा, होती. वेढ्यात दाणा कमी पडला, तेव्हा आमचे पूर्वजांनी गावची आश्रयास आलेली माणसे, म्हातारी, बायका, लेकरे, जी खातात आणि लढत नाहीत, ती त्या दिंडीतून बाहेर घातली आणि कडी लाविली. शत्रू त्यांस पुढे जाऊ देईना, आमचे लोक आत घेईनात. थंडीत तटाखाली गवत खाऊन मेली. त्यात कोटातील कपडे धुणारी एक परटीण होती. तिचे लेकरू गेले. धुण्याचे पाणी ज्या मोरीतून बाहेर जाई ती मोरी तीस ठाऊक. तिणे ती शत्रूस दाखविली आणि दुसरे दिवशी कोट गेला. पुढे परत मिळाला, परंतु ती दिंडी उघडी पाहवेना, म्हणोन बुजविली. ही गोष्ट आम्ही पाहुण्यांस सांगत नाही." सटवाजीने पागोटे काढिले आणि बाईचे पाया पडला. बाई घाबरली. आम्ही त्या दिवशी पोटभर जेवलो, सटवाजी सर्वांहून अधिक.

परत आलो ते दुसरे वर्षी कार्तिकात. दरबार भरला, महाराजांनी विचारिले, "तट कैसा?" सटवाजी म्हणाला, "धा हात जाड, म्हाराज. आपल्यापरीस चांगला." हंबीरराव मिशीवर हात फिरविते जाहले. सटवाजी पुढे म्हणाला, "तरी बी पाचवा कोट येकदा पडला व्हता." महाराज बोलिले, "मग पडला कैसा?" सटवाजीने दिंडी, लेकरू, मोरी, सर्व सांगितले. हंबीरराव उसळोन म्हणाले, "परटीण फितूर जाहली, इतकेच! आपली परटीण होणार नाही कशावरून?" तेव्हा सटवाजी म्हणाला, "व्हईल की! भाईर काढली तर पैली तीच व्हईल. आन् तिच्या मागनं मी व्हईन. ह्या किल्ल्याचा येकूणयेक चिरा मला ठावं हाय, म्हाराज. खरं सांगाया शपथ घातली व्हती, ती फेडली."

हंबीररावांचा हात तलवारीवर गेला. महाराजांनी हात वर करोन त्यांस थांबविले. मग बोलिले, "हे बोलणे फितुरीचे. परंतु खोटे नव्हे. सटवाजी, माचीबाहेरून तट घालावयास किती वर्षे?" सटवाजी म्हणाला, "धा. मी तवर ऱ्हातु का न्हाई कुनास ठावं." महाराज म्हणाले, "मग येथे उभा का? कामास लाग."

ऐसे माचीचे किल्ल्यात राहणे ठरले. तट दहा वर्षांत नव्हे, अकरा वर्षांत जाहला, सटवाजी नवव्या वर्षी वारला, शेवटचा चिरा त्याचे धाकट्या लेकीने बसविला. पुढे एकदाच वेढा पडला, पांच महिने चालिला. चौथे महिन्यात दाणा सरत आला तेव्हा महाराजांनी प्रथम आपले ताट अर्धे केले, मग सेनापतींचे, मग आमचे, आणि माचीचे नव्या तटातील दिंडीची किल्ली माचीतील एका परटिणीचे पदरास बांधिली. शत्रू उठोन गेला तेव्हा आतील माणूस मोजले, एकही उणे नव्हते. लेखनसीमा.